चौथी जागा

मनुष्याची पारख कशावरून करावी याविषयीं शास्त्रकारांनीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. कुल, शील, विद्या, वित्त या सर्वांचा त्यांनीं विचार केला. परंतु विरारची लोकल त्यांच्या काळीं नसल्यामुळें एक उत्तम कसोटी त्यांच्या हातून निसटली. तिघांच्या बाकावर तिघे बसलेले असावेत, समोर चौथा उभा असावा, आणि त्यानें तोंडानें कांहीं न बोलतां हनुवटी किंचित् हालवावी. अशा वेळीं कडेचा तिसरा मनुष्य काय करतो तें पाहावें. तो सरकला तर त्याच्या घरीं मुलगी द्यावयास हरकत नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे.

ज्या वाचकांचा पश्चिम रेल्वेशीं संबंध आलेला नाहीं त्यांच्याकरितां थोडा खुलासा अवश्य आहे. लोकलच्या दुसऱ्या वर्गांतील बाक तिघांकरितां केलेलें असतें. तथापि त्यावर चौघे बसतात, आणि चौथ्याच्या वांट्यास जें येतें त्यास 'चौथी सीट' म्हणतात. वस्तुतः ही जागा नव्हेच. तिच्यावर देहाचा फार तर अर्धा भाग टेकतो. उरलेला अर्धा वाटेंत, एका पायाच्या भरंवशावर अधांतरीं असतो. खिडकीजवळच्या गृहस्थास जोराची शिंक आली तर तिचा धक्का दोघांतून प्रवास करीत येऊन चौथ्यास खालीं उतरवितो. असें असूनही वसईपासून उभा राहिलेला मनुष्य या अर्ध्या आसनावर टेकला कीं जो सुस्कारा सोडतो, तो सिंहासनावर बसलेल्या राजानेंही सोडला नसेल.

गंमत अशी कीं, रेल्वेनें ही जागा कोठेंही मान्य केलेली नाहीं. ती मागणाराचा हक्क नाहीं, नाकारणारास दंड नाहीं. तरी ती बहुधा मिळते. पहिल्या वर्गांत मात्र ती मागण्याची वहिवाट नाहीं. तेथें तिकिटाचे पैसे अधिक मोजलेले असल्यामुळें प्रत्येकास आपल्या संपूर्ण देहासाठीं जागा लागते.

वसईचें नांव काढलें कीं सुशिक्षित मनुष्य ताबडतोब किल्ल्याकडे वळतो. चिमाजीअप्पांनीं १७३९ च्या मे महिन्यांत पोर्तुगीजांकडून तो घेतला, आणि १८०२ च्या डिसेंबरांत दुसऱ्या बाजीरावानें याच वसईंत इंग्रजांशीं तह केला, इतकें शाळेंतला मुलगाही सांगेल. परंतु रोज सकाळीं आठाच्या सुमारास वसई रोडच्या फलाटावर जो मोर्चा लागतो, त्याची बखर अद्याप कोणीं लिहिलेली नाहीं. या मार्गाचा आरंभ तसा फार सौम्य होता. १२ एप्रिल १८६७ रोजीं बी. बी. सी. आय. कंपनीची पहिली उपनगरी गाडी विरारहून मुंबईस बॅकबेपर्यंत धांवली. दिवसांतून एक जाणारी व एक येणारी, एवढाच तो व्यवहार. थांबे मोजके, त्यांत वसईच्या खाडींतील पाणजू होतें, आणि पहाडी, म्हणजे आजचें गोरेगांव, हेंही होतें. विजेची गाडी विरारपर्यंत आली ती १९३६ सालीं. त्या पहिल्या गाडींत चौथी जागा मागण्याचा प्रसंग कोणावर आला असेल असें वाटत नाहीं. आज बारा आणि पंधरा डब्यांच्या गाड्या एकीमागून एक सुटतात आणि चौथी जागासुद्धां वशिल्यानें मिळते.

हा फरक कसा पडला, याचें उत्तर आमच्या घराच्या इतिहासांत आहे. आणि तो आमच्या एकट्यांचाच इतिहास नव्हे. आम्ही तिघे भाऊ गिरगांवांतल्या चाळींत दोन खोल्यांत वाढलों. तिघांचीं लग्नें झाल्यावर दोनच मार्ग उरले: चुली वेगळ्या कराव्या किंवा गांव बदलावें. गिरगांवांतलीं, दादरचीं कितीक कुटुंबें याच पेंचांतून उत्तरेस सरकत गेलीं. कांहीं बोरिवलीस थांबलीं, ज्यांचा परिवार मोठा व पुंजी लहान तीं खाडी ओलांडून आलीं. १९८६ सालीं आम्ही वसईस आलों. घर मोठें झालें, अंगण मिळालें, परसांत राजेळी केळ लागली. एकत्र राहण्याचें भाडें मात्र आम्ही तेव्हांपासून पासाच्या रूपानें रेल्वेस भरीत आहों. पैशाचें मी बोलत नाहीं. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर. वसई त्याच्या थोडी अलीकडे. जातां-येतां रोजचे तीन तास प्रत्येक मिळवत्या माणसाचे गेले, आणि ते कोणत्याही हिशेबाच्या वहींत कोठें लिहिले गेले नाहींत.

नालासोपाऱ्याच्या व वसईच्या लोकांनीं यावर एक युक्ति काढिली आहे. मुंबईस जावयाचें असतां ते प्रथम उलट दिशेनें विरारला जातात आणि त्याच गाडींतून बसून परत येतात. याला 'रिटर्न येणें' म्हणतात. पुढें जाण्यासाठीं आधीं मागें जावें लागतें, हें तत्त्व वेदान्तांत कोठें असेल तर मला ठाऊक नाहीं. वसईंत तें दहावींतल्या मुलासही समजतें.

बायकांच्या डब्यांत जागेचा व्यवहार अधिक शास्त्रशुद्ध आहे. तेथें नुसत्या हनुवटीनें भागत नाहीं. आंत शिरलेली स्त्री बसलेल्या प्रत्येकीस विचारते, "कुठें उतरणार?" हा प्रश्न आपुलकीचा नसून वारसाहक्काचा असतो. अंधेरीला उतरणारी सांपडली कीं तिची जागा त्याच क्षणीं बोलीनें दिली जाते. मागाहून आलेलीस "दिलीय" एवढा एकच शब्द ऐकूं येतो, आणि ती निमूटपणें पुढच्या बाकाकडे वळते. ना कागद, ना साक्षीदार, ना मुद्रांक. कोंकणांतल्या चार आंब्यांच्या कलमांवरून आमचा आमच्याच चुलत घराण्याशीं अठ्ठावीस वर्षें दावा चालू आहे. तो वसई लोकलच्या बायकांच्या डब्यांत चालविला असता तर मिरा रोड येण्यापूर्वीं निकालांत निघाला असता.

ही सर्व माहिती मला आमच्या थोरल्या वहिनींकडून मिळाली. त्या चर्चगेटच्या एका कचेरींत नोकरीस होत्या आणि वसईहून पंचवीस वर्षें त्यांनीं ये-जा केली. चर्चगेट-बोरिवली अशी खास बायकांची गाडी १९९२ च्या मे महिन्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षीं ती विरारपर्यंत आली, तेव्हां वहिनींनीं घरीं पेढे वाटल्याचें मला आठवतें. परततांना त्यांच्या पिशवींतली मेथी भाईंदरपर्यंत निवडून होई, मटार खाडीच्या पुलावर सोलून संपत. पुलावर वारा आंत घुसला कीं सालें उडत, कोणी निर्माल्याची पुडी खाडींत सोडी, आणि पलीकडे वसईची हिरवळ दिसूं लागली कीं सगळ्याजणी पिशव्या आवरीत. त्यांचा ठराविक मैत्रिणींचा एक गट होता. दसऱ्याला डब्यास तोरण बांधणें, कोणाच्या मुलीच्या लग्नांत रुखवत सजविणें, कोणाच्या सासऱ्याच्या आजारपणांत डबा पोंचविणें, हें सर्व त्या गटानें केलें. त्या गटाची एक पद्धत अशी कीं, जी पहिल्यापासून बसून आली तिनें अंधेरीला उठावें आणि उभी असलेलीनें बसावें. वहिनी ती पद्धत अशा गांभीर्यानें सांगत कीं, ती मनुस्मृतींतलीच वाटावी.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चौथ्यास सरकून जागा देणारा हाच विरारकर सायंकाळीं दारांत उभा राहिला कीं ओळखूं येत नाहीं. दादरला कोणी बोरिवलीचा मनुष्य विरार गाडींत चढूं पाहील तर त्यास ऐकावें लागतें, "बोरिवलीला बोरिवली लोकल आहे ना?" आणि चढलाच तर बोरिवलीला उतरूं मिळेल याची शाश्वति नाहीं. हें वर्तन मला असभ्य वाटतें, आणि विरारकर मित्रांना मीं तें तोंडावर सांगितलें आहे. त्यांचेंही कांहीं म्हणणें आहे: बोरिवलीकरास दोन गाड्या, आम्हांस एकच. तरी एकाच मनुष्याच्या ठिकाणीं बाकावर औदार्य आणि दारांत दांडगाई कशी नांदते? मला वाटतें, बाकावर बसलेल्यास समोरच्याचा घामेजलेला चेहरा दिसतो. दारांतल्यास केवळ त्याचा रेटा लागतो. २०१७ च्या नाताळापासून पश्चिम रेल्वेवर बंद दारांच्या थंड हवेच्या गाड्या धांवूं लागल्या आहेत. त्यांच्या दारांत भांडणास जागाच नाहीं, ही त्यांची मोठी सोय आहे.

चौथ्या जागेचा हा विषय गाडीपुरताच आहे अशी माझी समजूत होती. गेल्या श्रावणांत तो आमच्या जेवणाच्या टेबलावर आला.

आमचें टेबल सहाजणांचें आणि रात्रीं जेवणारीं माणसें आठ. पूर्वीं पंगत होती तेव्हां ही अडचण नव्हती; पाट सरकविला कीं पाहुणा मावे. टेबल सरकत नाहीं. सातवा मी, भिंतीकडे वेताची खुर्ची घेऊन बसतों. आठवी वहिनींची सून. ती दादरला एका बँकेंत आहे. सकाळीं साडेसातास निघते, रात्रीं आठाला येते, आणि हातपाय धुऊन फुलके करावयास लागते. गरम फुलका वाढण्यासाठीं सारखें उठावें लागतें म्हणून ती स्वयंपाकघराच्या दाराशीं, टेबलाच्या कोपऱ्याला स्टूल लावून बसते. आठ वर्षें ती तेथेंच बसते आहे. त्यांत कोणाचा कांहीं हेतु नव्हता. फुलके गरम लागतात, एवढेंच.

त्या सुमारास तिनें व माझ्या पुतण्यानें जोगेश्वरीला दोन खोल्यांची एक जागा पाहून ठेविली होती. हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें आणि त्याविषयीं कोणीही बोलत नव्हतें.

पुतण्या सहज थट्टेनें म्हणाला, "बाबा, जरा सरका. हिला चौथी सीट द्या."

ती फुलका वाढतां वाढतां म्हणाली, "चौथी सीट आहेच कीं मला. पण गाडीतली चौथी सीट अंधेरीला तिसरी होते. घरातली कधीं होते, काका?"

प्रश्न मला होता. मीं आमटींत पाहिलें. कोणी मीठ मागितलें. मीठ त्याच्या समोरच होतें. माझ्या मनांत एकदम आलें कीं, तिचेही रोजचे तीन तास जातात, आणि घरीं पोंचल्यावरही ती उभीच असते. एकत्र कुटुंबाचीं मीं व्याख्यानांतून पुष्कळ वर्णनें केलीं आहेत. आल्यागेल्यास सरकून घेणें हा त्याचा गुण म्हणून गौरविलाही आहे. सरकून मिळालेली जागा किती रुंद असते, हें मोजावयास त्या व्याख्यानांत वेळ नसे.

वहिनी मात्र हसल्या. पंचवीस वर्षांच्या प्रवासाची सवय. जागेचा प्रश्न निघाला कीं त्या गडबडत नाहींत. म्हणाल्या, "म्हणजे तुला विचारायचंय, मी कुठें उतरणार?"

"तसं नाही हो, आई," ती ओशाळली.

"विचार कीं. मी कारशेडपर्यंत जाणारी आहें, आधींच सांगून ठेवतें." येथें माझे थोरले बंधु सुद्धां हसले. "पण अंधेरी येऊन गेली असेल तर तसं बोलावं ना बाई! आमच्या ग्रुपमध्यें सांगावं लागत नव्हतं, आणि इथें मला झोप लागली." असें म्हणून त्या उठल्या, सुनेच्या हातांतली लाटणी काढून घेतली आणि तिला आपल्या खुर्चीवर बसविलें. त्या रात्रींचे फुलके वातड झाले. वहिनींची संवय मोडलेली आहे. सर्वांनीं ते निमूटपणें खाल्ले.

जोगेश्वरीचा विषय मिटला असें मी म्हणत नाहीं. दलालाचा दूरध्वनि अजून अधूनमधून येतो आणि पुतण्या तो घ्यावयास अंगणांत जातो. घरांत फरक पडला तो इतका: आठवड्यांत चार दिवस फुलके नसून भात असतो, भाजी दुपारींच चिरून ठेवण्याचें काम सेवानिवृत्त म्हणून माझ्याकडे आलें आहे, आणि रविवारचें स्वयंपाकघर सर्वस्वीं सूनबाईच्या ताब्यांत आहे, काय करावयाचें तें ती कोणास विचारीत नाहीं. पहिल्याच रविवारीं वालाच्या बिरड्याच्या आशेनें बसलेल्या आम्हां वडीलधाऱ्यांपुढें तिनें इटालियन पद्धतीचा पास्ता आणून ठेविला. थोरल्या बंधूंनीं चष्मा लावून त्याची तपासणी केली. वहिनींनीं मात्र दोनदां मागून घेतला. त्याला त्या अद्याप शेवयांचा उपमा म्हणतात.