सल्ला बाहेरचा, मत घरचे

निवडणूक म्हटली की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे अजून जुनेच चित्र येते. भिंतींवर रंगवलेली चिन्हे, भोंगा लावलेली जीप आणि मतदारयादीची घडी खिशात घालून फिरणारा कार्यकर्ता. कोणत्या वस्तीवर कोण वारले, कोणाची सून यादीत नव्याने आली, पुण्याला कामाला गेलेला पोरगा मतदानाला येणार की नाही, हे त्याला तोंडपाठ असे. या उद्योगाला कोणी 'करिअर' म्हणत नव्हते. आता म्हणतात. राजकीय सल्लागार हा रीतसर व्यवसाय झाला आहे. त्याला कार्यालय आहे, पगारी मुले आहेत, करार आणि बिलही आहे.

महाराष्ट्रातल्या घराघराला या व्यवसायाची ओळख झाली ती २०२४ साली. त्या वर्षी लोकसभेला अजित पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या पदरात रायगडची एकच जागा पडली. विधानसभा तोंडावर होती. तेव्हा प्रचाराची सूत्रे नरेश अरोरा आणि त्यांच्या 'डिझाइनबॉक्स्ड' या कंपनीकडे आली. अरोरांनी त्याआधी राजस्थानात अशोक गेहलोत यांच्यासाठी काम केले होते. तिथे २०२३ मध्ये काँग्रेसची सत्ता गेली. इथे मात्र त्यांचा डाव जमला. रोखठोक बोलणारे अजितदादा गुलाबी जाकीट घालून 'लाडकी बहीण' योजनेवर बोलत राज्यभर फिरले आणि नोव्हेंबरमध्ये पक्षाचे ४१ आमदार निवडून आले.

आता यात बहिणींच्या खात्यात जमा झालेल्या दीड हजारांचा वाटा किती आणि जाकिटाच्या रंगाचा किती, याचा ताळेबंद कोणालाच मांडता येणार नाही. पण श्रेयावरून कुरबुर झालीच. विजयानंतर अरोरांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवल्याचे छायाचित्र गाजले आणि पक्षाचेच आमदार अमोल मिटकरी यांनी जाहीर नाराजी दाखवली. कोणाला हा मानापमानाचा किरकोळ प्रसंग वाटेल. मला त्यात उन्हातान्हात फिरलेल्या कार्यकर्त्याचा प्रश्न ऐकू आला : मग आम्ही काय केले?

त्याच निवडणुकीत बार्शीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. राज्यात महायुतीची लाट होती. तिच्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या. बार्शीत महायुतीचे राजेंद्र राऊत पडले आणि मशाल चिन्हावर दिलीप सोपल निवडून आले. मागचा हिशेबही बोलका आहे. २००४ मध्ये राऊत शिवसेनेकडून आले, २००९ मध्ये सोपल अपक्ष, २०१४ मध्ये सोपल राष्ट्रवादीकडून, २०१९ मध्ये राऊत अपक्ष. चिन्हे बदलत गेली, माणसे तीच राहिली. दोन वेळा तर चिन्हाला पक्षच नव्हता! राज्यासाठी तयार केलेला रंग आणि घोषणा अशा तालुक्याला कितपत पुरणार? इथे मत पडते ते माणूस पाहून; आडत बाजारातल्या ओळखीवर, दवाखान्यात केलेल्या मदतीवर आणि कधी जुन्या रागावरसुद्धा.

म्हणून सल्लागार निरुपयोगी, असे मात्र मी म्हणणार नाही. बँकेत आमच्याकडे इन्स्पेक्शनला बाहेरचा अधिकारी यायचा. शाखेतल्या माणसांना रोज दिसून न दिसणारे त्याला दोन दिवसांत दिसायचे, आणि ते तो मॅनेजरच्या तोंडावर सांगायचा. नेत्याभोवतीची माणसे त्याला आवडेल तेच सांगतात. 'साहेब, या भागात लोक तुमच्यावर नाराज आहेत,' हे सांगायला परकाच लागतो. सल्लागाराच्या सर्वेक्षणाचा खरा उपयोग तो. पण इन्स्पेक्शनवाला अहवाल देऊन रात्रीच्या गाडीने निघून जाई. वसुलीला गावोगाव फिरायचे ते शाखेतल्यांनीच. मत हेही एक प्रकारचे कर्जच आहे. मतदार ते विश्वासावर देतो. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी तो रेशनकार्डाचे काम घेऊन येतो तेव्हा सल्लागार पुढच्या राज्यात पोचलेला असतो. दारात भेटतो तो कार्यकर्ता.

या व्यवसायातले देशातले सर्वांत मोठे नाव प्रशांत किशोर यांचे. २०१४ मध्ये मोदी, २०१५ मध्ये नितीशकुमार, २०२१ मध्ये ममता बॅनर्जी आणि स्टॅलिन, अशा कितीतरी विजयांशी ते जोडले गेले. पुढे त्यांनी स्वतःचा जन सुराज पक्ष काढला, बिहारमध्ये गावोगाव पायी फिरले. २०२५ च्या विधानसभेत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. दुसऱ्याला निवडून आणणे आणि स्वतःसाठी मत मागणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

बार्शीला बाहेरचा सल्लागार नवा नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे आला तो छोट्या रेल्वेची कल्पना घेऊन. त्याने नुसता कागद दिला नाही. कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. वारकरी तिच्यातून पंढरीला गेले, बार्शीचा माल बाहेर गेला.

आज शिकलेली पोरे हंगामापुरत्या करारावर सर्वेक्षणाला जातात. त्यांना चार पैसे मिळतात, याचा आनंदच आहे. फक्त घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना एक सांगावे : बाबा, ज्या दारात प्रश्न विचारायला गेलास, त्या दारात निवडणुकीनंतरही एकदा जाऊन ये.