पेन ड्राइव्हमधला संगणक

दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरवर पोहोचलो, तेव्हा आईने दारातच सांगितले, "लॅपटॉप बंद पडलाय." काम चालू असताना लाइट गेली होती आणि बॅटरी तर केव्हाच कामातून गेलेली. तेव्हापासून बटण दाबले की चिन्ह दिसायचे आणि पुढे नुसता काळा पडदा. नेहरू प्लेसच्या एका दुकानात सांगितले की फॉर्मॅट करावे लागेल, डेटा जाईल. आई लॅपटॉप तसाच परत घेऊन आली. त्यात बाबांच्या नोकरीच्या कागदांचे स्कॅन होते आणि आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे रेकॉर्डिंग होते. आजी मागच्या वर्षी गेली. त्या ओव्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मला कॉम्प्युटर क्लबमध्ये सरांनी दाखवलेला लाइव्ह पेन ड्राइव्ह आठवला. शेजारच्या काकांच्या संगणकावर मी डेबियनची लाइव्ह आवृत्ती उतरवून घेतली. साधारण तीन जीबीची एकच फाइल, फुकट. ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, त्यासाठीच्या प्रोग्रॅमने 'लिहावी' लागते आणि तसे करताना ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. लिहिण्याआधी फाइलचा शा-२५६ आकडा संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. एक अक्षर जरी वेगळे आले तरी ती फाइल वापरायची नाही. गेटवरचा संतरी ओळखपत्र बघतो तसेच हे.

संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम कुठून घ्यायची याचा एक क्रम ठरलेला असतो. एरवी ती आतल्या डिस्कवरून येते. सुरू करताना ठरावीक बटण दाबून (आमच्या लॅपटॉपवर एफ-१२) मी त्याला पेन ड्राइव्ह दाखवला. मग पूर्ण सिस्टीम ड्राइव्हवरूनच चालू झाली. डिस्कला हातही लागला नाही.

हे कसे जमते, ते आपल्याला मॅप रीडिंगमुळे लवकर कळेल. नकाशावर आपण पारदर्शक शीट ठेवतो आणि खुणा त्या शीटवर करतो. खालचा नकाशा कोराच राहतो. पेन ड्राइव्हवरची सिस्टीम म्हणजे तो नकाशा. ती दाबून बसवलेली असते आणि फक्त वाचता येते. आपण जे बदल करतो ते रॅममधल्या वरच्या थरावर होतात. संगणक बंद केला की शीट पुसली गेली. या थराला इंग्रजीतही ओव्हरलेच म्हणतात, हे मला नंतर कळले.

ही युक्ती नवी नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली डेबियनवरूनच नॉपिक्स नावाची लाइव्ह सीडी काढली होती. डेबियन स्वतः १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केली आणि आज जगभरातले स्वयंसेवक ती सांभाळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचे वार्षिक संमेलन कोचीला झाले. तिच्या आवृत्त्यांना टॉय स्टोरी सिनेमातल्या पात्रांची नावे देतात, माझी 'बुकवर्म' होती. आपल्या सी-डॅकची 'बॉस' ही सिस्टीमही डेबियनवर आधारलेली आहे आणि तीत मराठी वापरता येते. संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारलेली 'माया' बसवणार, अशा बातम्या ऑगस्ट २०२३ मध्ये आल्या होत्या. उबुंटूही डेबियनमधूनच निघालेली. म्हणजे साउथ ब्लॉक आणि माझा पेन ड्राइव्ह लांबचे नातेवाईक झाले!

तर पडद्यावर डेबियन आली. फाइल मॅनेजरमध्ये आमची डिस्क दिसत होती. ती फक्त वाचण्यापुरती उघडली आणि मला तेवढेच हवे होते. दुसऱ्या पोर्टमध्ये बाबांची बाहेरची हार्ड डिस्क लावून सगळे फोल्डर त्यावर घेतले. आजीचा आवाज लावला तेव्हा आई गॅस बंद करून बाहेर आली आणि उभ्यानेच ऐकत राहिली.

मग तिने विचारले, "पासवर्ड कुठे टाकलास?"

टाकलाच नव्हता. कोणी मागितलाच नाही. लॅपटॉपचा पासवर्ड विचारते ती आतली सिस्टीम आणि ती तर झोपलेली होती. म्हणजे जे मी केले ते लॅपटॉप चोरणारा कोणीही करू शकला असता. बाबांचे कागद त्याच्याही हाती लागले असते. सुरुवातीच्या क्रमालाच पासवर्ड लावता येतो, पण डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की तोही निरुपयोगी. खरा उपाय म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणे. मात्र मग किल्ली हरवली तर आपल्यालाही आत जाता येत नाही. आमची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती, तर त्या दिवशी किल्लीशिवाय मला एकही ओवी मिळाली नसती.

रात्री फोनवर बाबांना सगळे सांगितले. ते आधी खूश झाले, मग थोडा वेळ गप्प. "एन्क्रिप्ट कर," ते म्हणाले, "आणि किल्ली कागदावर लिहून आईकडे दे." तो कागद आता रेशनकार्डाच्या पाकिटात आहे. ओव्यांच्या दोन प्रती केल्या, एक साताऱ्याला काकाकडे पाठवली.

शाळेत परवानगीशिवाय कोणत्याही संगणकाला पेन ड्राइव्ह लावायला मनाई आहे आणि वर लिहिलेले वाचल्यावर कारण सांगायला नको. माझा ड्राइव्ह मी परत आल्याबरोबर सरांकडे जमा केला. कोणाला चालवून पाहायचा असेल तर रविवारी क्लबच्या वेळेत सरांना विचारून यावे. लॅबमध्ये कोपऱ्यातला एक जुना संगणक आम्ही त्यासाठीच ठेवला आहे.