पाच आठवडे की सोळा?

मुलगा रात्र रात्र जागतो, मित्रांचे फोन घेत नाही, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत म्हणतो. घरचे समजतात, परीक्षेचा ताण असेल. पुढे कानात आवाज येऊ लागतात. मग कुणी अंगारा सुचवतं, कुणी लग्न. (लग्न हे आपल्याकडचं सर्व रोगांवरचं औषध!)

हा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. तो सुरू झाल्यापासून पहिल्या योग्य उपचारापर्यंत असा किती काळ जातो, आणि तो घटवला तर पुढे काय होतं? नॉर्वेतल्या रोगालांडमध्ये १९९७ पासून हे तपासलं गेलं. वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर जाहिराती दिल्या, घरोघरी पत्रकं वाटली, शिक्षकांना आणि फॅमिली डॉक्टरांना लक्षणं ओळखायला शिकवलं. शंका आली की रुग्ण लवकर शोधण्यासाठी नेमलेल्या पथकाला थेट फोन करायचा, कुणाच्या चिठ्ठीसाठी थांबायचं नाही.

तुलनेला ऑस्लोचा एक भाग आणि डेन्मार्कमधलं रोस्किल्ड होतं. औषधं, समुपदेशन, कुटुंबांचे गट हे सगळं तिन्हीकडे सारखंच. जाहिराती आणि पथक मात्र फक्त रोगालांडमध्ये. तिथे निम्मे रुग्ण ५ आठवड्यांच्या आत उपचारांवर आले, इतर दोन ठिकाणी त्याला १६ आठवडे लागले. दहा वर्षांनी पाहिलं तर रोगालांडमधले सुमारे ३१ टक्के रुग्ण सावरले होते, इतरत्र १५ टक्के. सावरले म्हणजे लक्षणं आटोक्यात, शिवाय रोजचं आयुष्य हाताशी.

मला यात औषधाइतकाच त्या ११ आठवड्यांचा हात दिसतो. तेवढ्यात परीक्षा बुडते, नोकरी सुटते, मित्र येईनासे होतात. गोळीनं आवाज कमी होतात, पण बुडालेलं वर्ष परत येत नाही.

लवकर सुरुवात झाली की काम संपलं, असं मात्र नाही. डेन्मार्कच्या 'ओपस' प्रयोगात ५४७ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांना दोन वर्षं खास पथकाची सोबत मिळाली आणि त्यांची लक्षणं इतरांपेक्षा कमी झाली. सोबत संपल्यावर, पाचव्या वर्षी, लक्षणांतला हा फरक उरला नव्हता. आधारगृहात राहावं लागणारे तेवढे कमी होते.

रोगालांडमध्येही जाहिराती थांबल्या आणि ५ आठवड्यांचे वाढून १५ झाले.

शंका आली की फोन करायला आपल्याकडे टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.