बालेवाडीचा पहिला हंगाम

निपाणीहून हमरस्त्यानं उत्तरेला निघालं की तासाभरात कोल्हापूर लागतं. तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियम भरून वाहतं. आमच्या सीमाभागातल्या पोरांनी फुटबॉलची ईर्षा पाहिली ती इथंच. त्याच रस्त्यावर पुढं पुण्यात, अशा कुठल्याही तालमीचा वारसा नसलेल्या एका क्लबानं मराठी मुलखातल्या फुटबॉलमधला एक मोठा पराक्रम केला. त्याची आठवण फार कमी निघते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अशोक पिरामल समूहानं 2007 मध्ये पुणे एफसी काढला. दोनच वर्षांत, 2009 साली, दुसऱ्या डिव्हिजनमधून तो आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत, चढला. त्याच्याबरोबर साळगावकर, विवा केरळ आणि शिलाँग लाजाँगही चढले. 2009-10 चा तो हंगाम चौदा संघांचा, प्रत्येकाला सव्वीस सामने. समोर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि गोव्याचे मुरलेले क्लब. नव्यानं चढलेल्या संघाची पहिली धडपड असते टिकून राहण्याची. लाजाँग तर त्याच वर्षी परत खाली गेला. पुण्यानं मात्र धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स यांच्यापाठोपाठ थेट तिसरा नंबर घेतला! गिनीचा मांजू पुढं गोल करायला आणि मध्यात अराता इझुमी. या जपानी खेळाडूनं पुढं भारतीय नागरिकत्व घेतलं आणि तो भारताकडूनही खेळला.

2012-13 मध्ये गोव्याचे प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या हाताखाली पुणे दुसरं आलं, आणि त्या बळावर 2014 चा एएफसी कप ही आशियाई क्लबांची स्पर्धा खेळलं.

पण पुण्याच्या त्या पहिल्याच हंगामानंतर मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला होता. याच परेरांनी त्याला 2005-06 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. मालकानं हात काढला आणि संघ संपला. 2015 च्या हंगामानंतर पुणे एफसीचंही तेच झालं. मैदान बालेवाडीला, पेठांपासून लांब. संघ आपला म्हणून उभी राहील अशी गल्ली त्याच्यामागं कधी तयारच झाली नाही. तालमीच्या संघाला पैसा कमी पडतो, पण त्याला कुणी एकजण बंद करू शकत नाही.

उद्या बेळगाव-निपाणीत कुणी व्यावसायिक क्लब काढायचं मनावर घेतलं, तर त्यांना एकच विनंती: गावातल्या मंडळांना पहिल्या दिवसापासून सभासद करून घ्या, आणि मैदान गावाजवळ बघा.