भाकरीला आधण, पिठल्याला गार पाणी

पाथरीच्या काळ्या रानातली ज्वारी गिरणीतून पीठ होऊन घरी आली की पुढचं सगळं गणित पाण्याचं. एकाच चुलीवर एकाच वेळी दोन पिठं शिजतात आणि दोघांना वागणूक अगदी उलटी. ज्वारीच्या पिठावर उकळतं आधण ओतायचं, बेसन मात्र आधी गार पाण्यात कालवायचं. सुना सासूकडून हे शिकतात. कारण कुणी विचारत नाही.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. गार पाण्यात मळलं तरी त्यांची ताणली जाणारी ग्लुटेनची जाळी तयार होते, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिचं मुख्य प्रथिन काफिरिन, आणि ते पाण्याला फारशी दाद देत नाही. मग उंडा धरून ठेवायचं काम स्टार्चवर येतं. तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात. आधणाने पिठाचा थोडा भाग असा शिजतो आणि उरलेल्या कोरड्या पिठाला बांधून घेतो. सगळंच पीठ शिजलं तर मात्र ती उकड झाली, भाकर थापणं विसरा.

तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवतात, त्यामागेही हेच. वरचं ओलं पीठ शिजून त्याचा पातळ पडदा होतो, आतली वाफ त्याखाली अडकते आणि पापुद्रा सुटतो. खमीर नाही, सोडा नाही; नुसती वाफ.

आता बेसन. कोरडं बेसन उकळत्या पाण्यात एकदम टाकलं तर प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात शिजतो, आत पाणी शिरत नाही आणि गाठी होतात. भाकरीच्या पिठातही गाठी होतातच, पण मळताना तळहाताखाली त्या चिरडल्या जातात. पातळ पिठल्यात त्यांना चिरडणार कोण? गार पाण्यात स्टार्च फुगत नाही, तेवढ्या वेळात कण सुटे होऊन भिजतात. पीठ पेरून पिठलं करणाऱ्या सुगरणी वेगळ्या वाटेने तिथेच पोचतात: चिमटी चिमटीने पेरायचं, हात थांबवायचा नाही.

पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, जाते. भाकर थापताना कडा चिरतात. गिरणीत दाण्याचा अंकुरही दळला जातो. त्यातल्या स्निग्धांशाला हवा लागते, विकरं त्याचं विघटन करतात आणि पिठाला कडवट वास येतो. कडकडीत आधणाने चिरा थोड्या सांधतात, वास जात नाही.

दुसरं नुकसान चाळणीचं: कोंडा तिच्यात मागे राहतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण दिलं. ही खनिजं दाण्याच्या अंकुरात आणि बाहेरच्या थरांत जास्त असतात. शास्त्रज्ञांनी ती दाण्यात वर्षानुवर्षं खपून भरायची आणि आपण पांढऱ्याशुभ्र भाकरीच्या हौसेपायी तो कोंडा म्हशीपुढे टाकायचा, हे काही पटत नाही.

तेव्हा दळण आठवड्यापुरतंच आणा, आणि चाळणी जरा मोठ्या भोकांची घ्या.