गारठ्यातून ऊब उपसणारं यंत्र

बाहेर शून्य अंश तापमान, गवतावर हिम, आणि घराबाहेरचं एक यंत्र त्याच गारठलेल्या हवेतून उष्णता काढून घरात आणतंय! थंड हवेत कुठली आली उष्णता? असते, भरपूर असते. ती पार संपते उणे २७३ अंशांना. त्या मानाने शून्य अंशाची हवा चांगलीच उबदार म्हणायची!

हे यंत्र म्हणजे हीट पंप. त्यात फिरणाऱ्या आर-३२ सारख्या द्रव्याची कमाल बघा: हवेच्या साध्या दाबाला ते उणे ५२ अंशांच्या आसपासच उकळतं. बाहेरच्या नळ्यांत ते थंडगार हवेचीही उष्णता शोषून वाफ होतं. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो आणि घरात येऊन ती उष्णता सोडते. आपल्याकडचा एसी हेच करतो, फक्त उलट्या दिशेने.

विहिरीवरचा पंप पाणी तयार करत नाही, नुसतं वर चढवतो. इथेही तसंच. म्हणून सौम्य थंडीत एक युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता घरात येते. लॉर्ड केल्व्हिन यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती!

आता खरी गंमत. अमेरिकेतल्या घरांत प्रोग्रॅम करता येणारा थर्मोस्टॅट रात्री तापमान उतरवतो, सकाळी चढवतो. गॅसच्या भट्टीला हे छान मानवतं आणि इंधन वाचतं. मग हीट पंपाचं काय बिघडतं?

हा पंप उष्णता सावकाश आणतो. पहाटे अचानक १६ वरून २० अंशांची मागणी आली, की साधा थर्मोस्टॅट मदतीला विजेची कॉइल पेटवतो. तिच्यात एका युनिटची एकच युनिट उष्णता! रात्रभराची बचत तासाभरात उडू शकते. म्हणूनच अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं, साध्या थर्मोस्टॅटवर हिवाळ्यात तापमान माफक आणि स्थिर ठेवा.

पण हीट पंपासाठी बनवलेले थर्मोस्टॅट यावरही मात करतात. घर तापायला किती वेळ लागतो हे ते हेरतात आणि तुम्ही उठायच्या कितीतरी आधीपासून पंप हळूहळू चालवतात, कॉइलला शक्यतो न उठवता. उन्हाळ्यात हाच पंप उलटा चालून एसीसारखा घर गार करतो, तेव्हा तर ही अडचणच नाही. घराबाहेर पडताना तापमान खुशाल चढू द्या. थर्मोस्टॅट घेताना मात्र एक प्रश्न जरूर विचारा: हा हीट पंपासाठीच बनवलेला आहे ना?