पुडी गेली, पाकीट राहिले

आषाढी एकादशी झाली की पंढरपूरच्या कचऱ्याच्या बातम्या येऊ लागतात. चंद्रभागेच्या वाळवंटात विखुरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, उष्टे द्रोण यांची छायाचित्रे छापून येतात, वारकऱ्यांना स्वच्छतेचे भान नाही असा शेरा मारला जातो आणि कार्तिकीपर्यंत विषय मागे पडतो. शेरा सोपा आहे, पण फारसा खरा नाही. पंढरीत माणसे शतकानुशतके येत आली आहेत आणि वापरून झालेली वस्तू जागच्या जागी टाकून पुढे जाण्याची सवयही तितकीच जुनी आहे. बदलली आहे ती हातातली वस्तू.

पंढरीहून घरी न्यायचा प्रसाद म्हणजे चुरमुरे, बत्तासे, खडीसाखर आणि सोबत कुंकू, बुक्का, तुळशीची माळ. हे सारे पूर्वी कागदाच्या पुडीत बांधून मिळे. रद्दीचा कागद आणि वर दोऱ्याचे दोन वेढे. घरी पुडी सुटली की दोरा गुंडाळून ठेवला जाई आणि कागद चुलीत जाई. छपाईच्या शाईचा अंश अन्नात उतरतो, म्हणून वर्तमानपत्राच्या रद्दीत खाद्यपदार्थ बांधणे आरोग्याला अपायकारक आहे, हे आज ठाऊक झाले आहे. तेव्हा जुने ते सारेच सोने असे समजण्याचे कारण नाही. मात्र त्या पुडीमागे उरत काहीच नसे. आज बुक्का चिमुकल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, चुरमुरे पातळ पिशवीत आणि पेढे चकचकीत मुलामा दिलेल्या खोक्यात मिळतात. प्रसाद दोन दिवसांत संपतो, पाकीट मात्र नातवंडांच्या काळापर्यंत टिकते.

पंगतींचेही तेच झाले. पळसाची पाने काड्यांनी टाचून केलेली पत्रावळ जेवण झाल्यावर बाहेर पडे, गुरे तिला तोंड लावीत आणि उरलेले पहिल्या दोन-चार पावसांत मातीत मिसळे. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) पंढरीत खराटा घेऊन झाडायला उभे राहत, तेव्हा त्यांच्यासमोर होता तो कचरा पानांचा, शेणाचा, राखेचा, उष्ट्याखरकट्याचा आणि मानवी विष्ठेचा. तो निरुपद्रवी मुळीच नव्हता. यात्रा आणि पटकीची साथ यांचे नाते ब्रिटिश अमदानीतील नोंदींत वारंवार येते. पण तो कुजणारा होता. खराट्याने गोळा करून खड्ड्यात लोटला की काही महिन्यांत त्याचे खत होई. गाडगेबाबांचा खराटा ज्या कचऱ्याला पुरा पडे, तो कचरा आता ढिगाचा केवळ एक भाग आहे. विष्ठेच्या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत पुष्कळ काम झाले. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर वाळवंटातील मुक्कामांवर निर्बंध आले, नदीकाठच्या ६५ एकर जागेत वारकऱ्यांच्या राहुट्यांची सोय झाली, पालखी मार्गावर फिरती शौचालये उभी राहू लागली. वेष्टनांचा प्रश्न मात्र त्याच काळात वाढत गेला.

किती वाढला, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. पंढरपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख. लहान शहरांत माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा निघतो, असे घनकचऱ्याच्या नियोजनात धरले जाते. म्हणजे गावाचा स्वतःचा कचरा दिवसाला २० ते ३० टन. आषाढीला येथे दहा लाखांच्या घरात माणूस जमतो. त्या प्रत्येकाचा पाव किलो धरला तरी दिवसाला अडीचशे टन होतात. वीस-तीस टनांसाठी उभारलेल्या यंत्रणेला दहापट ओझे उचलायचे असते आणि तेही भर पावसाळ्यात. एकादशीच्या उपवासामुळे या ढिगात केळीच्या साली आणि साबुदाण्याच्या खिचडीचे उष्टे भरपूर असते. हा माल खतासाठी उत्तम. पण त्यात पाकिटे, पिशव्या आणि चंदेरी द्रोण कालवले गेले की खताचेही होत नाही आणि भंगाराचेही. चिखलाने माखलेली पिशवी भंगारवाला हातात धरत नाही.

या ठिकाणी वेष्टनाच्या घडणीकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते. ती धुतली, वितळवली की तिचे पुन्हा काही करता येते. पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव आहे, म्हणून वाळवंटातल्या बाटल्या कचरावेचकांच्या पोत्यात तुलनेने लवकर जातात. बिस्किटे, वेफर्स, शाम्पू, गुटख्यासारखे पदार्थ यांचे पाकीट वेगळे. छपाईचा एक पदर, वाफ आणि हवा अडवणारा ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर आणि उष्णतेने चिकटणारा आतला पदर, असे दोन-तीन निरनिराळे पदार्थ त्यात एकजीव केलेले असतात. हे पदर सुटे करणे व्यवहारात परवडत नाही. शिवाय एका पाकिटाचे वजन जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम. शेकडो पाकिटे वाकून वेचावीत तेव्हा एक किलो भरते आणि त्या किलोला गिऱ्हाईक नसते. कचरावेचकाने ते उचलले नाही, तर दोष त्याचा कसा?

दोष वारकऱ्याचाही म्हणता येत नाही. आळंदीहून अडीचशे किलोमीटर पायी येणारा शेतकरी साबणाची वडी आणि तेलाची बाटली पाठीवर वागवण्यापेक्षा रुपया-दोन रुपयांची पुडी घेणे पसंत करतो, हे समजण्यासारखे आहे. तामिळनाडूतील चिन्नी कृष्णन यांनी सॅशेची कल्पना रुजवली, त्यांच्या मुलाने १९८३ मध्ये काढलेल्या कंपनीने ‘चिक’ शाम्पू खेडोपाडी पोचवला आणि मोठ्या कंपन्यांनी तोच मार्ग धरला. रोजच्या कमाईतून रोजची खरेदी करणाऱ्याला यातून पूर्वी न परवडणारी वस्तू मिळाली, हेही खरे. त्यात वाटेवर पुण्यवान दाते भेटतात. कोणी बिस्किटांचा पुडा देतो, कोणी पाण्याची बाटली, कोणी पावसासाठी प्लॅस्टिकचा डगला. वारकऱ्याने न मागितलेले हे वेष्टन त्याच्या हातून टाकले जाते आणि हिशेबात त्याचा कचरा म्हणून धरले जाते. दानाची रक्कम पावतीवर येते, वेष्टनाचा खर्च मात्र पंढरपूर नगरपरिषदेच्या सफाई कामगारावर पडतो.

कायद्यांनी यात काय केले, हा भाग उद्बोधक आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईच्या नाल्यांत तुंबलेल्या पिशव्यांमुळे राज्यात प्लॅस्टिकची चर्चा पेटली आणि २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. पुढे २३ मार्च २०१८ ची अधिसूचना बरीच कडक निघाली. सर्व जाडीच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे, प्लॅस्टिकचे पेले, चमचे यांवर बंदी आणि पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड. मात्र कारखान्यातच मालावर चढवलेले वेष्टन या बंदीतून वगळलेले होते. दुधाची पिशवी परत केल्यास ५० पैसे देण्याची तरतूद होती. ती व्यवहारात रुजली नाही.

केंद्रातही असेच घडले. मार्च २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी पुनर्चक्रण न होणारी बहुपदरी वेष्टने दोन वर्षांत बाद करण्याचे ठरवले होते. ती दोन वर्षे संपत आली तेव्हा, महाराष्ट्राच्या अधिसूचनेनंतर अवघ्या चार दिवसांनी, २७ मार्च २०१८ रोजी हे कलम सुधारण्यात आले. ज्यापासून ऊर्जाही मिळू शकत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, अशीच वेष्टने आता बाद ठरणार होती. सिमेंटच्या भट्टीत जाळता येते, म्हणजे ऊर्जा मिळते. सबब वेष्टन वैध! महाद्वारातला चुरमुरेवाला पातळ पिशवीसाठी दंडाला पात्र ठरला आणि शेजारच्या टपरीवर माळेसारखी लटकणारी पाकिटे निर्धोक राहिली. उत्पादकांवर वेष्टन गोळा करण्याची जबाबदारी कागदोपत्री आहे आणि २०२२ पासून तिची उद्दिष्टेही ठरली आहेत. पण वाळवंटात रुतलेल्या पाकिटापर्यंत ती पोचायला मधे वेचणारा माणूस लागतो आणि त्याला त्या पाकिटाचे पैसे मिळावे लागतात.

बंदीनंतर पर्याय म्हणून जे आले त्यातही फसगत पुष्कळ आहे. कापडासारखी दिसणारी, रंगीत, देवाचे चित्र छापलेली पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. चहाचा कागदी पेला आतून प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याने मढवलेला असतो. नाहीतर तो चहात विरघळला असता. चंदेरी द्रोणाची चमकही त्याच जातीची. राज्याने २०२२ मध्ये असे मुलामा दिलेले पेले-ताटेही बंदीत घेतली आणि त्याच वर्षाअखेरीस जाड कापडसदृश पिशव्यांना सवलत दिली. घरोघरी निर्माल्य बांधले जाते तेही अशाच पिशवीत. चंद्रभागेत तुळस आणि फुले सोडताना पिशवीही सोडली जाते. ती तिथे थांबत नाही. भीमेच्या पाण्याबरोबर मंगळवेढ्याच्या बाजूने खाली सरकत ती कर्नाटकात जाते, कारण ही नदी पुढे कृष्णेला मिळते.

गंमत अशी की पंढरपूरच्या प्रसादातील एकाही वस्तूला बहुपदरी वेष्टनाची गरज नाही. बिस्किट किंवा वेफर सहा-सहा महिने दुकानात कुरकुरीत राहायला हवा, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा थर लागतो. कुंकू, बुक्का, खडीसाखर, तुळशीची माळ या वस्तू कोऱ्या कागदाच्या पुडीत सुखाने राहतात. अडचण एकच आणि ती खरी आहे. आषाढातल्या पावसात कागद भिजतो, चुरमुरे सादळतात आणि ओल्या पुडीतला बुक्का वारकऱ्याच्या धोतरावर उतरतो. तेव्हा आषाढीपुरता झाकणाचा छोटा डबा किंवा घरून आणलेली कापडी पिशवी एवढाच मार्ग उरतो. कार्तिकी, माघी आणि चैत्री या उरलेल्या तीन वाऱ्या मात्र पावसाळ्याबाहेर येतात.